झंझ: बारा देवळांचा राजा



अलिबाग-चौलच्या आपल्या भागात इतिहासाचे व्याख्यान म्हटले की ऐकणारे कान्होजी आंग्र्यांची वाट पाहत बसतात. वक्त्याने कुठूनही सुरुवात करावी, अर्ध्या तासात गलबते आली पाहिजेत, सरखेल आले पाहिजेत आणि इंग्रज पळाले पाहिजेत. त्यात वावगे काही नाही. पण कान्होजी गेले १७२९ साली, आणि तोवर चौलच्या बंदराला सोळाशेहून अधिक वर्षे उलटली होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपोथीत कल्याणच्या पुढचे बंदर म्हणून चौलचे नाव आहे. या सगळ्या काळाच्या बरोबर मध्यावर उभा असलेला एक राजा आज मी आपल्यापुढे आणणार आहे. त्याचे नाव झंझ. ऐकून हसू येते, मान्य आहे. आईबापांनी काय पाहून ठेवले असेल, असा प्रश्न मलाही पडला होता.

सह्याद्रीत पाठीवर पिशवी टाकून भटकणाऱ्या मुलांना मात्र हे नाव पाठ असते. शिलाहार राजा झंझ, त्याने बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, हे वाक्य किल्ल्यांवरच्या पुस्तकांत आणि ट्रेकच्या पत्रकांत इतक्या वेळा छापले गेले आहे की ते आता कुणी तपासत नाही. आणि ज्या चौलवर त्याची सत्ता होती त्या चौलमध्ये त्याचे नाव घेतले तर लोक म्हणतात, कोण बुवा हा?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायचे की नाही ते आपल्याला ठरवता येईल. हा राजा खरा आहे. त्याची म्हणून जी देवळे दाखवतात ती त्याची नव्हेत. आणि आपण खऱ्या पुराव्याकडे पाठ करून दंतकथेच्या मागे धावलो आहोत.

दंतकथा आणि राजा यांचे गणित समजायला मी आधी जरा लांब जातो. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हाउगेसुंद नावाचे बंदर आहे. गावाबाहेर समुद्राकाठी एका टेकाडावर दगडाचा उंच स्तंभ आहे आणि त्याच्या भोवती २९ लहान शिळा आहेत, जुन्या प्रांतांपैकी प्रत्येकाची एक. हे स्मारक हाराल्ड राजाचे. सगळा नॉर्वे एका छत्राखाली आणणारा पहिला राजा म्हणून तिथली शाळकरी मुले त्याचे नाव घेतात. गोष्ट अशी, की तरुण हाराल्डने गिडा नावाच्या राजकन्येला मागणी घातली. ती म्हणाली, चार गावांच्या राजाशी मी लग्न करत नाही, सगळा देश जिंकलास तर विचार करीन. हाराल्डने शपथ घेतली, देश ताब्यात येईपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही. हाफ्र्सफ्योर्डच्या खाडीत त्याने आरमारी लढाई जिंकली, मग एका सरदाराने त्याचे केस कापले, आणि तोवर ‘झिपऱ्या’ म्हणून ओळखला जाणारा हाराल्ड त्या दिवसापासून ‘सुकेशी’ झाला. द्रौपदीची वेणी आठवली असेल आपल्याला. केसांची शपथ घेणारी माणसे सगळीकडेच आहेत.

ही गोष्ट लिहिली कुणी? आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने, सुमारे १२३० मध्ये. लढाईचे परंपरेतले साल ८७२. म्हणजे मध्ये साडेतीनशे वर्षे गेली. हाराल्डच्या भाटांच्या म्हणून ज्या कविता सांगतात त्याही अशा उत्तरकालीन सागांच्या, म्हणजे जुन्या कथाग्रंथांच्या, पोटातच मिळतात. त्याच्या हयातीत लिहिलेला आणि त्याचे नाव असलेला एकही कागद नाही, कोरीव लेख नाही. तिथले अभ्यासक आता उघड विचारतात की हा राजा होता तरी का, आणि असला तर सगळ्या नॉर्वेचा होता की दोनचार खाड्यांचा? तरी १८७२ मध्ये लढाईला हजार वर्षे झाली असे धरून राष्ट्राने स्तंभ उभारला. राष्ट्राला राजा हवा होता, त्यांनी सागांमधून तो घेतला.

आता गंमत पाहा. परंपरेप्रमाणे हाराल्ड ९३० च्या आसपासपर्यंत जगला. आपला झंझ साधारण ९१० ते ९३० या काळातला. दोघे समकालीन, दोघेही समुद्रकाठचे, दोघांच्याही राज्याचा जीव बंदरांत आणि जहाजांत. पण हाराल्डला दगड आहे आणि साक्षीदार नाही. झंझला दगड नाही, आणि साक्षीदार असा आहे की त्याच्यासाठी नॉर्वेतल्या कुठल्याही इतिहासकाराने उजवा हात दिला असता.

त्या साक्षीदाराचे नाव अल मसुदी. बगदादचा माणूस, जन्मभर फिरला, अखेर इजिप्तमध्ये वारला. त्याचा मोठा अरबी ग्रंथ ‘सोन्याची कुरणे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. १८६१ ते १८७७ या काळात तो फ्रेंच भाषांतरासह नऊ खंडांत छापला गेला. त्यात मसुदी सांगतो की हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, मी सैमूर शहरात होतो. सैमूर म्हणजे आपले चौल. ते बल्हाराच्या, म्हणजे राष्ट्रकूट सम्राटाच्या राज्यात होते, आणि तेव्हा तिथला राजा होता ‘जांज’. बस. राजाविषयी एवढेच. अर्धी ओळ.

त्या अर्ध्या ओळीच्या आजूबाजूला मात्र मसुदीने चौल उभे केले आहे. तो म्हणतो, तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक येऊन स्थायिक झाले, लग्ने केली, आणि इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना वेगळे नाव पडले, बयासिरा. दहा हजार हा आकडा मोजून दिलेला नसावा. प्रवासी माणूस दहा हजार म्हणतो तेव्हा त्याला ‘पुष्कळ’ एवढेच म्हणायचे असते. पण पुष्कळ होते हे नक्की. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाकडून नेमला जाई आणि त्यांचे तंटे तोच मिटवी. आणि किनाऱ्यावरच्या सैमूर, सोपारा, ठाणे या बंदरांत बोलली जाणारी बोली राष्ट्रकूटांच्या राजधानीतल्या बोलीपेक्षा वेगळी आहे, हेही या माणसाच्या कानाने टिपले.

मग तो एक प्रसंग सांगतो, आणि तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता. एका तरुणाने स्वतःला जाळून घ्यायचे ठरवले. त्यासाठी आधी राजाच्या दारात जाऊन परवानगी घ्यावी लागे. परवानगी मिळाली, चिता पेटवली, आणि हा तरुण रेशमी वस्त्रे नेसून, ढोल-वाद्यांच्या गजरात, नातेवाइकांच्या गराड्यात चौलच्या बाजारांतून फिरायला निघाला. त्याच्या डोक्यावर निखारे ठेवले होते आणि त्यांवर गंधक टाकले होते. डोक्याचे कातडे जळत होते आणि हा माणूस चेहऱ्याची रेष न हलवता चालत होता. चालताना तो विडा चघळत होता.

इथे मसुदी थांबतो आणि विड्याविषयी लिहू लागतो. पान कसे असते, सुपारी कशी घालतात, त्याने तोंडाला वास कसा चांगला येतो, हिरड्या घट्ट होतात, भूक लागते, दात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होतात, आणि इथल्या लोकांना पांढरे दात मुळीच आवडत नाहीत. एका बाजूला माणूस जिवंत जळायला निघाला आहे आणि लेखक सुपारीत रमला आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला याचा राग आला होता. पण याच खोडीमुळे माझा या साक्षीदारावर विश्वास बसला. रचून सांगणारा माणूस अशा ठिकाणी विड्याकडे वळत नाही. पाहणाराच वळतो, कारण त्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहिलेल्या असतात. आणि चौल-रेवदंड्याच्या ज्या मंडळींच्या सुपारीच्या वाड्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्यांच्या पिकाची दखल झंझ राजापेक्षा जास्त ओळींत घेतली गेली आहे.

मसुदीला राजाचे कौतुक नव्हते, त्याच्याकडून काही मिळवायचे नव्हते. साल सांगताना, जागा सांगताना, ओघात त्याने राजाचे नाव सांगितले. एखाद्या राजाच्या अस्तित्वाला याहून निर्मळ पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता घरचा पुरावा. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे ताम्रपट बरेच मिळाले आहेत. त्यातला केशिदेव ऊर्फ अरिकेसरीचा १०१७ चा ताम्रपट ठाण्यात १७८७ मध्ये जमीन खणताना निघाला आणि लगेच पुढल्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. या घराण्याचे जवळजवळ सगळे लेख वा. वि. मिराशींनी १९७७ च्या मोठ्या ग्रंथात एकत्र केले. त्यांवरून वंशावळ अशी लागते: कपर्दी, पुल्लशक्ती, दुसरा कपर्दी, वप्पुवन्न, मग झंझ. झंझनंतर त्याचा धाकटा भाऊ गोग्गी गादीवर आला, आणि पुढचा वंश गोग्गीचा. कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्तीचा शके ७६५ चा लेख आहे, दुसऱ्या कपर्दीचे आहेत. खुद्द झंझचा असा एकही लेख अजून हाती लागलेला नाही.

हे घराणे आपल्या उगमाची कथा कशी सांगते तेही पाहण्यासारखे आहे. ते म्हणतात, आम्ही विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज. नागांना वाचवण्यासाठी ज्याने शिळेवर आडवे होऊन स्वतःचे शरीर गरुडाला खायला दिले, तो जीमूतवाहन. त्यावरून शिलाहार, आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. ज्याने पूर्वजाला खाल्ला तोच निशाणावर, हा मोठेपणा म्हणायचा की विसराळूपणा, कोण जाणे. सांगायचा मुद्दा असा की या लोकांना आपल्या पूर्वजांविषयी भव्य बोलण्याची सवय होती. स्नोरी एकटा नव्हता.

अशाच वंशावळीच्या श्लोकांत, झंझच्या पश्चात पुढच्या राजांनी कोरवलेल्या ताम्रपटांत, त्याच्याविषयी एक गोष्ट येते. त्याने शंभूची बारा देवळे स्वतःच्या नावाने बांधली. ताम्रपट इथे थांबतो. नद्या नाहीत, उगम नाहीत, एकाही गावाचे नाव नाही.

मग नद्या आल्या कुठून? ट्रेकवाल्यांच्या याद्यांत त्र्यंबकेश्वरला गोदावरी, रतनवाडीच्या अमृतेश्वराला प्रवरा, हरिश्चंद्रगडाला मंगळगंगा किंवा मुळा, खिरेश्वरच्या नागेश्वराला पुष्पावती, पूर गावच्या कुकडेश्वराला कुकडी, पारुंड्याच्या ब्रह्मनाथाला मीना, वचप्याच्या सिद्धेश्वराला घोड, भीमाशंकरला भीमा अशा जोड्या लावलेल्या असतात. उरलेल्या नावांत याद्या एकमेकींशी भांडतात, ते सोडून देऊ. यांतली काही देवळे पाहून माझे डोळे निवले आहेत. पावसाळा संपता संपता रतनवाडीला जा. अमृतेश्वराच्या काळ्या दगडावर शेवाळ चढलेले असते, शिखरावर लहान लहान शिखरांच्या माळा उभ्या रांगांत वर गेलेल्या दिसतात, आणि मागे रतनगडाची भिंत. कुणालाही वाटावे की हे राजाचेच काम. असेलही. पण झंझचे नाही.

का नाही ते सांगतो. या सगळ्या नद्या पूर्वेकडे जातात. एकूण एक. कोकणच्या राजाने बारा नद्यांच्या उगमांवर देवळे बांधली आणि त्यात कोकणची एकही नदी नाही! कुंडलिका इथे रेवदंडा-कोर्लईच्या मधून आपल्या दारात समुद्राला मिळते. सावित्री बाणकोटला जाते, अंबा धरमतरला, उल्हास वसईला. त्याची गलबते ज्या पाण्यात नांगरायची त्या पाण्याचा उगम त्याला दिसला नाही आणि जुन्नरच्या वरची मीना नदी दिसली? शिलाहारांचा मुलूख ‘पुरी’ ही राजधानी धरून चौदाशे गावांचे कोकण, असे त्यांचेच ताम्रपट सांगतात. ही पुरी घारापुरी की मुरुडजवळची राजापुरी, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कुठलीही असो, ती घाटाखाली होती. घाटमाथ्यावर राष्ट्रकूट सम्राटाचा अंमल. मांडलिकाने सम्राटाच्या मुलखात जाऊन बारा देवळे बांधायची आणि वर त्यांना स्वतःचे नाव द्यायचे, हे मला पटत नाही.

नावाचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे. स्वतःच्या नावाने देऊळ बांधणे म्हणजे काय, ते त्या काळात ठरलेले होते. बदामीच्या चालुक्यांपैकी विजयादित्याने पट्टदकलला बांधले ते विजयेश्वर. राणी लोकमहादेवीने बांधले ते लोकेश्वर, ज्याला आपण आज विरूपाक्ष म्हणतो. बांधणाऱ्याचे नाव आणि पुढे ईश्वर. या हिशेबाने आपल्याला हवा झंझेश्वर. अमृतेश्वर, नागेश्वर, कुकडेश्वर, सिद्धेश्वर यांतले कुठले नाव झंझचे आहे? नाव एका वेळी बदलते, दोन वेळा बदलते. बाराच्या बारा ठिकाणी पुसले जात नाही.

तिसरी गोष्ट बांधणीची. अमृतेश्वराची शैली भूमिज म्हणून ओळखली जाते. त्याच घडणीचे आपल्या जवळचे उत्तम देऊळ अंबरनाथचे, तेही शिलाहारांचेच, आणि त्याच्यावर शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला लेख आहे. महाराष्ट्रातली या धाटणीची देवळे अकराव्या शतकापासून पुढची. झंझ त्याच्या शंभरेक वर्षे आधी गेलेला. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ तर नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेले. मूळ स्थान जुने असू शकते, हे उत्तर नेहमी तयार असते. असू शकते. पण मग त्या न्यायाने कुठलेही देऊळ कुणाचेही होते.

‘बारा’ या आकड्याकडेही जरा पाहा. ज्योतिर्लिंगे बारा, महिने बारा, आदित्य बारा. आपल्या चौलमध्ये म्हणतात की इथे तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती. वर्षाच्या दिवसाला एक देऊळ, एक तळे. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड दाखवतात, म्हणजे पंचांगाबरोबर हवामानाचीही सोय आहे. हे आकडे मोजणीचे नव्हेत, पूर्णतेचे आहेत. राजकवीने ‘बारा’ लिहिले तेव्हा त्याला म्हणायचे होते की राजाने शिवभक्तीत काही कमी ठेवले नाही. दोन-तीन देवळे त्याने बांधली असतील, कोकणच्या रीतीप्रमाणे जांभ्याची, लाकडाची, कौलाची किंवा नुसती शाकारलेली. हजार पावसाळ्यांत काय उरणार? वर या भागाने पोर्तुगीजांचा अंमल पाहिला, रेवदंड्याच्या कोटात चर्चे उभी राहिली आणि तीही पडली. आज त्यांतला सातखणी मनोराच काय तो लांबून ओळखू येतो.

आता कुणी विचारेल, मग डोंगरातल्या लोकांना झंझचे नाव कसे ठाऊक? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे लोकस्मृतीची एक ठरलेली वाटणी असते. डोंगरात लेणे दिसले की ते पांडवांचे, एका रात्रीत कोरलेले. चुन्याशिवाय बांधलेले दगडी देऊळ हेमाडपंताचे. आणि यात न बसणारे जुने जे काही असेल ते गवळी राजाचे. म्हातारी माणसे आजही अशीच सांगतात. या वाटणीत झंझसारखे अवघड नाव, तेही बारा या आकड्यासकट, हजार वर्षे तोंडी टिकले असे मानायचे, तर मला फार ओढाताण करावी लागते. कारण ज्या ताम्रपटांत ही ओळ आहे ते जमिनीत पुरलेले होते, आणि बाहेर निघाले तेव्हा गावात कुणाला वाचता येत नव्हते. ते वाचले गेले अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. मग इतिहासाच्या पुस्तकांतून ‘झंझ, बारा शिवालये’ हे सगळ्यांना वाचायला मिळाले, आणि गवळी राजाच्या गोष्टीत नायकाची जी जागा मोकळी होती तिथे हे नाव जाऊन बसले. पुस्तकातून लोकांत, असा हा प्रवास आहे, असे माझे मत झाले आहे. नॉर्वेतही असेच झाले. शेतकऱ्यांना हाराल्डची ओळख छापील स्नोरीने करून दिली.

या मताविरुद्ध जाणारा एक धागा आहे, तो लपवून ठेवत नाही. यादवांच्या घराण्यातल्या भिल्लमाची राणी ही झंझराजाची मुलगी होती, असे वसईला मिळालेल्या १०६९ च्या यादव ताम्रपटात आहे. यादव तेव्हा सिन्नर-संगमनेरकडचे. म्हणजे प्रवरेचा आणि गोदावरीचा वरचा भाग, याद्यांतल्या देवळांचा शेजारच. सासरी गेलेल्या मुलीबरोबर बापाचे नाव घाट चढून गेले, असे म्हणायला कादंबरीकाराला काहीच हरकत नाही. इतिहासकाराची अडचण ही, की या भिल्लमाचा संगमनेरचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ.स. १००० चा आहे. ९१६ मध्ये राज्य करणाऱ्याची मुलगी १००० मध्ये राज्य करणाऱ्याची पत्नी? एक तर मध्ये दुसरा कुणी झंझ आहे, किंवा वंशावळ लिहिणाऱ्याने मोठ्या घराचे नाव जोडून घेतले आहे. हा धागा मोहक आहे, पण त्याला बारा दगडी देवळे टांगू नयेत.

देवळे काढून घेतली तर झंझकडे उरते काय, असे आपल्याला वाटेल. माझ्या दृष्टीने मोठा ऐवज उरतो, फक्त तो शिखरांसारखा लांबून दिसत नाही. एक गजबजलेले बंदर उरते. त्याच्या शेजारी संजाणला त्याच काळात राष्ट्रकूटांनी मुहम्मद नावाचा अरब अधिकारी नेमला होता. चिंचणीच्या शके ८४८ च्या ताम्रपटात त्याला ‘मधुमती’ म्हटले आहे, आणि त्याच्या अंमलात देवीच्या मठाला दान दिल्याची नोंद त्यात आहे. अशा किनाऱ्यावर झंझ मांडलिक म्हणून बसला होता. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्यांना त्यांचा न्यायाधीश, त्यांची मशीद आणि त्यांची रीत ठेवू देणे, आणि मरायला निघालेल्या आपल्या प्रजाजनानेही आधी आपल्या दारात येऊन परवानगी घ्यावी एवढा वचक ठेवणे, हे त्याचे राज्य. जकातीवर चालणाऱ्या राज्याचे शहाणपण यातच असते. त्याच्या घराण्याने हे शहाणपण पुढे सोडले नाही. १०९४ च्या खारेपाटणच्या ताम्रपटात अनंतदेवाने दोन प्रधान-व्यापाऱ्यांच्या मालाला बंदरांतली जकात माफ केली आहे. त्या बंदरांची नावे श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुल्य. ठाणे, सोपारा, चौल ही ओळखू येतात. नागपूर म्हणजे अलिबागजवळचे आपले नागाव, असे बरेच अभ्यासक मानतात. नागावकरांनी एकदा ही माफी पुन्हा मागून पाहावी.

आणि दगडच हवा असेल तर तोही घाटावर चढून शोधायला नको. अलिबागहून नागावकडे जाताना अक्षी लागते. तिथला शिलालेख कितीतरी वर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. वर सूर्य-चंद्र कोरलेले, मध्ये अक्षरे, आणि खाली गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी, वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी चित्रात कोरलेली. त्यातले साल शके ९३४, इ.स. १०१२, असे वाचले जाते. त्याविषयी वाद आहे. ते वाचन धरले तर मराठीतला हा सर्वांत जुना कोरीव लेख ठरतो. त्यात कोकणचा चक्रवर्ती आणि पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणून ज्याचा गौरव आहे तो केशिदेव, झंझच्या धाकट्या भावाचा पणतू. दान कशाचे? महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याचे. आपल्यातल्या काही घरांत अजून बोडण भरतात, त्यांना सांगायला नको. झंझच्या घराण्याची खूण आपल्या गावात, आपल्या भाषेत, आपल्या स्वयंपाकघरातल्या विधीसकट पडून होती, आणि आपण त्याची देवळे शोधायला हरिश्चंद्रगडावर जात होतो.

रायगडच्या किनाऱ्यावर असे गद्धेगाळ आणि वीरगळ अजून पुष्कळ आहेत. काही देवळाच्या मागे पालथे पडलेले, काही शेंदूर फासून देव झालेले, काही विहिरीवर धुण्याचे दगड म्हणून झिजलेले. झंझचा स्वतःचा लेख कधी सापडलाच तर तो अशाच एखाद्या दगडावर असेल, किंवा वाडीत माडाचा खड्डा खणताना पहारीला लागलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. तेव्हा माझी मागणी साधी आहे. खणताना अक्षरे दिसली तर घासू नका, रंग देऊ नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा.

आणि चौल ग्रामपंचायतीची कुणी मंडळी इथे बसली असतील तर त्यांना एक विनंती. झंझचा पुतळा उभारू नका, त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. नाक्यावर एक साधा फलक लावा: इ.स. ९१६-१७ मध्ये अल मसुदी या गावात राहून गेला, तेव्हा इथे झंझ राज्य करीत होता. आणि फलकावर मसुदीचे नाव आधी घाला.